आबांच्या बटनाच्या फोनवर ईमेल, कमी खर्चात जमेल का?

तापीकाठचा
राम राम मंडळी. मी मूळचा चोपडा तालुक्यातला, सध्या नोकरीला चाकणला. आबा गावीच, केळी आणि थोडा कापूस. आबांकडे साधा बटनाचा फोन आहे आणि टचचा मोबाईल त्यांना नको म्हणजे नको, दोनदा घेऊन दिला तर एक वहिनीकडे गेला आणि दुसरा पुतण्या गेम खेळायला वापरून राहिला. आबा म्हणतात त्याच्यावर बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं, आणि शेतात वाकलं की खिशातून पडतो. आता प्रॉब्लेम असा की बँक, फळपीक विमा, ठिबकवाली कंपनी सगळे म्हणतात "मेलवर पाठवलंय", आणि आबांना ते कळतच नाही, मला फोन करून विचारतात काय आलं रे मेलवर. बटनाच्या फोनवर मेल वाचता येईल का? मोठं काही नको, आलेला मेल दिसला आणि दोन ओळी उत्तर लिहिता आलं तरी बास. खर्च कमीत कमी.

गिरणाकाठ
आधी फोन कोणता ते सांगा, सगळे बटनवाले एकसारखे नसतात. एक प्रकार नुसता कॉल-एसएमएसचा, त्यात इंटरनेटच नाही, तिथे विषय संपला. दुसरा प्रकार, बॉक्सवर ४जी लिहिलेलं असतं, नेट चालतं पण मेलचं ॲप बहुतेक वेळा नसतं, ४जी फक्त कॉल नीट लागावा म्हणून. तिसरा काय-ओएसवाला (बटनाच्या फोनसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम), जिओफोन किंवा नोकियाचे काही, त्यात ईमेलचं स्वतंत्र ॲप येतं. तुमचं काम तिसऱ्यातच होईल. दुकानात गेल्यावर ४जीचा स्टिकर बघू नका, मेन्यू उघडायला लावा आणि पाकिटाचं चित्र शोधा.

तापीकाठचा
आबांचा पहिल्या प्रकारातला. २जी. नोकिया. टॉर्च आहे म्हणून आवडतो.

जुना_जीपीआरएस
अरे काय दिवस आठवून दिले राव. कॉलेजला जळगावला असताना आम्ही साध्या नोकियावर जावा ॲप टाकून मेल बघायचो, जीमेलचं स्वतःचं जावा ॲप २००६ च्या शेवटी आलं होतं, आणि ऑपेरा मिनी तर त्याच वर्षी जगभर सुरू झालेला. ऑपेरा मिनीची करामत अशी की पान त्यांच्या सर्व्हरवर दाबून बारीक करून मग फोनवर यायचं, म्हणून जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या संथ २जी नेटवर, पण चालायचं आणि पैसे कमी जायचे. पण आता ते हँडसेट कपाटातून काढून उपयोग नाही, कोणी जुना एस ४० नोकिया, म्हणजे तसलाच जावावाला बटनफोन, स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. त्यातली सुरक्षा-सर्टिफिकेटं जुनी झालीत, मेलचे सर्व्हर आता नवीन एन्क्रिप्शनशिवाय बोलतच नाहीत, फोन "कनेक्शन एरर" म्हणून मोकळा होतो. जीमेलचं साधं एचटीएमएल पान होतं जे कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडायचं, तेही गूगलने जानेवारी २०२४ मध्ये बंद केलं. त्यामुळे ब्राउझरमधून जायचा रस्ता साध्या फोनवर जवळपास संपलाच आहे, मेलचं ॲप असलेलाच फोन लागेल.

रावेरकर_केळीवाला
नोकिया ८११० ४जी घ्या ना, २०१८ चा, पिवळा, वाकडा, सगळं जग त्याला बनाना फोन म्हणतं. चोपड्याच्या केळीवाल्याच्या खिशात तोच शोभंल 😄 आणि त्यात काय-ओएस आहे, ईमेल ॲप आहे, हे मी मजाक नाही करून राहिलो. फक्त आता जुनाच मिळेल, नवा दुकानात दिसत नाही.

स्वस्तात पाहिजे तर जुना जिओफोन. २०१७ ला आला तेव्हा १५०० रुपये डिपॉझिट होतं, तीन वर्षांनी परत मिळणार असं. २.४ इंच स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, आमच्याकडे अजून बऱ्याच घरात पडलेत, फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते बघून घ्या. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, त्यात जिओचंच सिम चालतं, दुसरं नाही. आबांच्या मळ्यात जिओची रेंज येते का ते आधी कोणाचा तरी फोन नेऊन बघा, मग पैसे घाला.

पांझराकाठ
जिओभारत का नको? २०२३ ला ९९९ ला आला, १२३ चं रिचार्ज २८ दिवस, १४ जीबी डेटा. जुन्यापेक्षा नवा बरा.

गिरणाकाठ
@पांझराकाठ कॉल आणि पेमेंटला ठीक आहे पण तो काय-ओएस नाही. माझ्या सासऱ्यांकडे आहे, त्यात मेल खातं टाकायची सोय मला तरी सापडली नाही. नाव जिओ म्हणून दोन्ही एकच समजू नका, दुकानदार पण गल्लत करतात.

चाळीसगावचा_बंड्या
एवढी झंझट कशाला, सहा-सात हजारात टचचा येतो, व्हॉट्सॲप पण चालेल. आबांना शिकवा. आपण लाड करतो म्हणून म्हातारे शिकत नाहीत.

तापीकाठचा
@बंड्या भाऊ, वर वाचलं का? दोन घेऊन झालेत. आणि आबा अडाणी नाहीत, बाजारभाव तोंडपाठ, हिशोब वहीत पैशापर्यंत. त्यांना तो फोन नको आहे, बस.

शहाद्याची_लेक
मी आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष काकूंच्या जिओफोनवर मेल लावून दिलाय आणि तो चालतो, त्यामुळे सांगते. अडतं कुठे तर पासवर्डवर. नेहमीचा जीमेलचा पासवर्ड टाकला की तो घेत नाही, लोक म्हणतात फोन खराब. फोन खराब नसतो. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या पासवर्डने बाहेरच्या ॲपमध्ये शिरणं बंद केलंय. त्याच्याऐवजी ॲप पासवर्ड लागतो, १६ अक्षरांचा, तो गूगल स्वतः बनवून देतं.

तुम्ही चाकणला लॅपटॉपवर बसून हे करू शकता. आबांचं गूगल खातं उघडा, सिक्युरिटीत जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत फोनवर आलेला कोडही मागणारी सोय) चालू करा आणि त्याला नंबर आबांचाच द्या. कोड साध्या एसएमएसने येतो, त्यांच्या आत्ताच्या नोकियावरही येईल, ते वाचून दाखवतील. हे चालू केल्याशिवाय ॲप पासवर्डचं पान दिसतच नाही, इथेच बरेच जण वैतागतात. नंतरही ते पान मेन्यूत पटकन सापडत नाही, खात्याच्या वरच्या सर्च पट्टीत ॲप पासवर्ड असं इंग्रजीत टाईप करा म्हणजे येतं. नाव काहीही द्या, "आबा फोन" द्या. मग चार-चारच्या गटात सोळा अक्षरं दिसतात, सगळी लहान लिपीतली. ती एकदाच दिसतात, खिडकी बंद केली की गेली, म्हणून कागदावर लिहून घ्या. गटांमधली मोकळी जागा फोनवर टाकायची नाही.

तापीकाठचा
ताई एकदम सविस्तर, आभार. फोनमध्ये काय भरायचं पण सांगाल का? पुतण्या भरेल, मी फोनवरून सांगेन.

शहाद्याची_लेक
हो. ईमेल ॲप उघडलं की नाव, मेल आयडी विचारतं. काही हँडसेटवर जीमेल लिहिलं की लगेच गूगलचं साइन-इनचं पान उघडतं आणि तिथेच गोल-गोल फिरत बसतं. तसं झालं तर मागे या आणि ॲडव्हान्स्ड सेटअप निवडा. तिथे आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून फोनवर दाखवायची पद्धत) निवडायचं, पॉप (मेल फोनवर उतरवून घ्यायची पद्धत) नाही. येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल (म्हणजे सुरक्षित जोडणी). जाणाऱ्याचा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५, तोही एसएसएल. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, ॲट जीमेल डॉट कॉमसकट. पासवर्ड दोन्हीकडे तोच सोळा अक्षरी.

पूर्वी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करावं लागायचं, ते आता कायम चालूच असतं, शोधत बसू नका. जुने व्हिडिओ बघून लोक ते बटन शोधतात.

पुतण्याला सांगा पासवर्ड टाकताना कीपॅड छोट्या इंग्रजी लिपीवर आहे का ते आधी बघ, पहिलं अक्षर आपोआप मोठं पडलं तर सगळं मुसळ केरात. अंदाजाने शब्द सुचवणारं टायपिंग पण बंद कर.

अमळनेरी_भो
मी बी हाई करेल शे, माझ्या काकांसाठी. सगळं बरोबर भरलं तरी एरर, एरर, डोकं फिरलं. शेवटी बघतो तर फोनमध्ये तारीख कुठल्या कुठली, काकांनी बॅटरी काढून उन्हात ठेवलेली, त्यात घड्याळ मागे गेलं. तारीख चुकली की फोनला सर्व्हरचं सर्टिफिकेट खोटं वाटतं आणि तो जोडत नाही. तारीख-वेळ ऑटोमॅटिक करी द्या, मंग जमी जास 👍

साक्रीचा_पाहुणा
जिओफोनवर व्हॉट्सॲप येतं ना, मग मेल कशाला, बँकवाल्याला म्हणा व्हॉट्सॲपवर टाक.

जुना_जीपीआरएस
@साक्रीचा_पाहुणा ते गेलं. जून २०२४ पासून काय-ओएसवर नवीन व्हॉट्सॲप उतरवता येत नाही आणि ज्यांचं जुनं होतं त्यांचंही २०२५ च्या सुरुवातीपर्यंतच होतं. मेलची मजा इथेच आहे बघा. व्हॉट्सॲप एका कंपनीचं, तिने ठरवलं की तुमचा फोन बाद. आयमॅप १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन या माणसाने बनवलं आणि एसएमटीपी त्याच्याही आधीचं, १९८२ चं. उघडे नियम आहेत, कोणीही ॲप बनवावं. म्हणून ज्या फोनवर व्हॉट्सॲप बंद पडलं त्यावर मेल अजून चालतो. तरुण पोरांना मेल म्हणजे फक्त नोकरीच्या अर्जाची गोष्ट वाटते.

धडगावकर
आमच्या इकडे सातपुड्यात रेंज म्हणजे टेकडीवर चढायचं, त्यामुळे माझा अनुभव सांगतो, उपयोगी पडेल. मेल ॲपच्या सेटिंगमध्ये "नवीन मेल कधी बघायचा" असतं, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं वगैरे. ते मॅन्युअल ठेवा. नाहीतर रेंज नसलेल्या ठिकाणी फोन सारखा शोधत बसतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी खलास. किती दिवसांचे मेल आणायचे तेही एक आठवडा ठेवा, सगळे ठेवले तर ५१२ एमबीवाला फोन पाय घासत चालतो.

आणि कचरा. जीमेलमध्ये आपल्याला प्रमोशन, सोशल असे कप्पे दिसतात ना, ते आयमॅपवर दिसत नाहीत, सगळं एकाच इनबॉक्समध्ये कोसळतं. लॅपटॉपवरून फिल्टर लावून द्या, जे जाहिरातीचे आहेत त्यांना "स्किप इनबॉक्स" करा. मग आबांच्या फोनवर बँक, विमा, ठिबक आणि तुमचे एवढेच मेल येतील. डेटा पण वाचतो. नुसत्या मजकुराचा मेल काही केबीचा असतो, त्याला जीबी लागत नाही, डेटा खातात ते चित्रवाले जाहिरातीचे मेल.

तापीकाठचा
फिल्टरचं डोक्यातच नव्हतं आलं. बरं आता एक नवीनच भानगड. आबांचं खातं उघडायला गेलो तर आबांचं खातंच नाही. विम्याच्या पावतीवर, बँकेच्या फॉर्मवर, ठिबकच्या अनुदानाच्या अर्जावर जो मेल आयडी आहे तो आबांच्या नावाचा आहे पण पासवर्ड कोणालाच माहीत नाही. फॉर्म भरणाऱ्या ऑनलाइनवाल्याने तेव्हा बनवला, रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर कोड जातो तो, त्याचाच. एका कागदावर तर त्याच्या दुकानाचाच आयडी. म्हणजे आबांचे मेल इतकी वर्षं दुकानात जाऊन राहिले 🙏

गिरणाकाठ
हे बघा, खरा विषय आता आला. फोन तर दोन दिवसात लागेल. गावोगाव हेच आहे, आमच्या गल्लीत पाच-सहा जणांचे कागद असेच. आणि हे नुसतं मेल न दिसण्यापुरतं नाही. ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात "पासवर्ड विसरलात का" हे बटन. त्या आयडीला जे जे जोडलंय त्या सगळ्याचा पासवर्ड तो बदलू शकतो. तुमचा दुकानवाला चांगला असेल, उद्या दुकान विकलं तर?

सेतूवाला_पारोळा
मी स्वतः ऑनलाइनचं काम करतो, दुसरी बाजू पण ऐका. शेवटच्या तारखेला दुकानासमोर रांग असते, सर्व्हर चालत नाही, फॉर्ममध्ये मेल आयडीचा रकाना सक्तीचा आणि समोरचा माणूस म्हणतो मेल म्हणजे काय. मी काय करू, त्याचा फॉर्म परत देऊ? आयडी बनवून देतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो, तो कागद बिडीला लागतो. माझा नंबर यासाठी टाकतो की ओटीपीला त्याचा फोन घरी असतो, सोबत नसतो. सगळे लुटारू नाहीत. पण दुकानाचाच आयडी सगळ्यांच्या फॉर्मवर टाकणारे आहेत, ते चूकच, मी पण म्हणतो.

अमळनेरी_भो
@सेतूवाला तुमचं बी खरं शे. पण भाऊ मग तेवढा एक नंबर तरी गिऱ्हाईकाचा टाकत जा ना, ओटीपीला घरी फोन लावून विचारता येतो.

सेतूवाला_पारोळा
हल्ली तसंच करतो. तापीकाठचे भाऊ, तुमच्या गावच्या दुकानदाराकडे भांडायला जाऊ नका, गोडीत जा, चहा पाजा. तो लॉगिन करू शकला तर पाच मिनिटांचं काम, रिकव्हरी नंबर आबांचा, रिकव्हरी मेल तुमचा, मग पासवर्ड बदला, आणि बाकी सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा. पासवर्ड बदलल्यावरच ॲप पासवर्ड बनवा, आधी बनवला तर पासवर्ड बदलताच तो रद्द होतो. लॉगिन होत नसेल तर नादी लागू नका, नवीन आयडी काढा आणि बँक, विमा सगळीकडे बदलून घ्या. बँकेत शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागेल. दुकानाचा आयडी ज्या कागदावर आहे तिथे तर बदलायलाच लागेल.

धडगावकर
यात अजून एक. दोन वर्षं कोणी न उघडलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालंय. तुमच्या आबांचा तो आयडी फॉर्म भरल्यापासून कोणी उघडलाच नसेल तर तो आता असेलच असं नाही. आधी तेच तपासा.

आणि सिम. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेले लोक रिचार्ज सोडून देतात, सिम बंद होतं, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो. तुमचा रिकव्हरी नंबर म्हणजे मग भलत्याच माणसाचा फोन. आबांचं सिम जिवंत ठेवा. जिओफोन घेतला तर नवीन जिओ नंबर घेऊ नका, जुनाच पोर्ट करा.

तापीकाठचा
दिवाळीला गावी जाऊन आलो, म्हणून उत्तर उशिरा. रेंज तपासली, मळ्यात जिओ येते पण विहिरीपाशी नाही, चालतंय. फोन भुसावळहून जुना जिओफोन घेतला, बॅटरी नवीन टाकली. आबांचा नंबर पोर्ट केला. दुकानदार भला माणूस निघाला, त्यालाच पासवर्ड आठवत नव्हता, पण कोड त्याच्या फोनवर आला आणि आयडी सुटला. त्यात विम्याचे दोन मेल पडलेले, एकात कागद कमी आहेत म्हणून लिहिलेलं आणि मुदत कधीच गेलेली. आबा काही बोलले नाहीत, मी पण नाही.

मेल लागला. पहिल्यांदा साइन-इनच्या पानावर अडकला, ताईंनी सांगितल्याप्रमाणे ॲडव्हान्स्डमधून गेलो. फिल्टर लावले. आबा आता जेवण झाल्यावर एकदा मेल बघतात, मॅन्युअल ठेवलंय. उत्तर मात्र इंग्रजीत "ओके" एवढंच पाठवतात, बँकेला पण आणि मला पण.

राहिलेला प्रश्न, पीडीएफ. विम्याची पावती पीडीएफमध्ये येते, आबांच्या फोनवर नीट उघडत नाही.

शहाद्याची_लेक
पीडीएफ उघडेल की नाही ते हँडसेटवर अवलंबून आहे, आणि उघडली तरी २.४ इंचावर विम्याची पावती कोण वाचणार. काकूंसाठी मी असा फिल्टर केलाय की अटॅचमेंट असलेला मेल आपोआप मला पण फॉरवर्ड होतो. तुमचा पत्ता आधी फॉरवर्डिंगमध्ये टाकावा लागतो, तुमच्याकडे एक कोड येतो, तो आबांच्या खात्यात भरायचा, मग फिल्टरमध्ये तो निवडता येतो. मी वाचून त्यांना दोन ओळींचा साधा मेल पाठवते, अमुक रक्कम, अमुक तारीख. प्रिंट लागली तर दुकानातून, पण पीडीएफ मी पाठवते, लॉगिन दुकानात होत नाही. आबांना विचारून करा मात्र, त्यांचे मेल आहेत.

सेतूवाला_पारोळा
आणि बॅकअप कोड काढून ठेवा. टू-स्टेपच्या पानावर दहा कोड मिळतात, आठ-आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. फोन विहिरीत पडला तर त्यानेच आत शिरता येईल. प्रिंट काढून रेशनकार्डाच्या पिशवीत. आमच्या दुकानात नको 😄

तापीकाठचा
फॉरवर्डिंगचं आबांना विचारलं. म्हणाले विम्याचे आणि बँकेचे तुला जाऊ दे, केळीच्या व्यापाऱ्याचे नको. तसाच फिल्टर लावतोय.

पांझराकाठ
व्यापाऱ्याचे का नको? 🤔

तापीकाठचा
भाव कळला की मी वाटा मागेन म्हणून 😂